प्रभागाची रेषा आणि श्रमिकाचे मत

इचलकरंजीची नगरपरिषद २०२२ साली महानगरपालिका झाली आणि तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. जुन्या नगरपरिषदेचे २०१६ च्या अखेरीस निवडलेले सभागृह पाच वर्षांनी विसर्जित झाल्यापासून मधली चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे मतदानाचा हक्क पुन्हा बजावता आला, याचेच समाधान अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. निकालानंतर कोण जिंकला, कोण हरला, कोणी किती पैसा ओतला, कोण कोणास फितूर झाला, याची चर्चा चौकाचौकांत रंगली. परंतु मतदान होण्याच्या कितीतरी आधी, एका नकाशावर सोळा प्रभागांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हाच निवडणुकीचा एक मोठा भाग उरकला होता. त्याची चर्चा मात्र फारशी कोठे झाली नाही. ती चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मत देणे हा हक्क सर्वांना समान मिळाला, एवढ्याने मताचे मोल समान होत नाही. मत कोणाबरोबर मोजले जाणार, हे सीमारेषा ठरविते. एकाच चाळीतील माणसे रस्त्याच्या अल्याड मोजली तर बहुमतात जातात आणि पल्याड मोजली तर त्यांचे मत असून नसल्यासारखे होते. ज्यांच्यापाशी पैसा, जात आणि सत्ता यांचे बळ आहे, त्यांना ही रेषा प्रतिकूल गेली तरी ते तिच्यावर मात करू शकतात. ज्यांच्यापाशी संख्येवाचून दुसरे बळ नाही, त्या श्रमिकांना मात्र ही रेषाच तारते किंवा मारते. म्हणून समाजवादी चळवळीने या विषयाकडे तांत्रिक बाब म्हणून पाहणे परवडणारे नाही.

मँचेस्टरचा धडा

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याची प्रथा आहे. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने हा धंदा वाढला, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु मूळच्या मँचेस्टरचा एक इतिहास आपण सांगत नाही. इंग्लंडच्या कापडधंद्याची राजधानी असलेल्या त्या शहराला १८३२ पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्याच काळात ओल्ड सेरम नावाची, जवळजवळ ओसाड पडलेली एक टेकडी पार्लमेंटात दोन सभासद धाडीत होती. कारण मतदारसंघांच्या सीमा शतकांपूर्वी आखल्या होत्या, आणि त्या बदलू न देण्यात जमीनदारांचे हित होते. १८१९ साली मँचेस्टरमध्ये प्रतिनिधित्वाची मागणी करण्यासाठी जमलेल्या कामगारांवर घोडदळ घालण्यात आले. पुढे १८३८ मध्ये चार्टिस्ट चळवळीने ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांत प्रौढ पुरुष मताधिकार व गुप्त मतदान यांच्या जोडीला ‘समान मतदारसंघ’ ही स्वतंत्र मागणी होती. मताधिकार मिळाला तरी सीमा असमान राहिल्या तर तो पोकळ ठरेल, हे त्या अल्पशिक्षित विणकर-कातकऱ्यांना पुरते उमगले होते.

तेव्हा कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. तिने तो मधल्या काळात विसरावा, हे मात्र दुर्दैवाचे आहे.

समानता नेमकी कोणाची?

न्याय्य सीमा म्हणजे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे वाटते: प्रत्येक प्रभागात सारखी लोकसंख्या असावी. आपल्या राज्यातील नियमही तेच सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार इचलकरंजीची लोकसंख्या २,८७,३५३ होती. सभागृहाच्या ६५ जागांनी तिला भागले तर एका जागेमागे सुमारे ४,४२१ माणसे येतात. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी १७,६८३ होते. या सरासरीहून दहा टक्के कमी वा अधिक लोकसंख्या नियमांना चालते. म्हणजे एक प्रभाग १५,९१५ माणसांचा आणि दुसरा १९,४५१ माणसांचा असला तरी दोन्ही नियमात बसतात; वस्तुतः दुसऱ्यात पहिल्यापेक्षा २२ टक्के माणसे अधिक असतील. एवढी सवलत व्यवहारात द्यावीच लागते, कारण रस्ता, ओढा, मोठी इमारत मध्ये येते आणि प्रगणक गट फोडता येत नाही. तथापि सवलत कोठे अधिक दिशेने वापरावी आणि कोठे उणे दिशेने, याचा निर्णय आखणारा घेतो, हे विसरू नये.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०२६ च्या निवडणुकीचे प्रभाग पंधरा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर उभे राहिले. यंत्रमागाच्या गावात पंधरा वर्षे म्हणजे एक पिढी. कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारातून, ओडिशातून येथे कामगार येत राहिले. मंदीच्या लाटेत काही परतले, काहींनी संसार थाटले. गावभागातील घरे तीच राहिली असतील, पण शहराच्या कडेच्या वसाहती वाढतच राहिल्या. वाढत्या वस्तीत जुन्या आकड्यांनी आखलेल्या प्रभागात प्रत्यक्षात अधिक माणसे असतात, म्हणजे तेथील प्रत्येकाच्या वाट्याला नगरसेवकाचा लहान तुकडा येतो. आणि वाढती वस्ती बहुतेक ठिकाणी गरिबांचीच असते. शिळ्या आकड्यांची झळ अशा रीतीने सर्वांना सारखी बसत नाही. ती नव्याने आलेल्या श्रमिकालाच बसते.

तिसरी अडचण अशी की, लोकसंख्या आणि मतदार या दोन गोष्टी एक नव्हेत. परप्रांतातून आलेला, मागाच्या खोलीतच पाळी संपल्यावर पाठ टेकणारा कामगार जनगणनेत सापडला तर लोकसंख्येत मोजला जातो. परंतु मतदारयादीत नाव येण्यास ‘सर्वसाधारण रहिवास’ सिद्ध करावा लागतो, आणि ज्याच्यापाशी भाडेपावती नाही, वीजबिल नाही, त्याचे नाव बहुधा गावाकडच्या यादीतच राहते. परिणामी कामगारवस्तीच्या प्रभागात डोकी पुष्कळ व मते थोडी, असे चित्र दिसते. यावर काहीजण म्हणतील, की मग सीमा मतदारसंख्येवरच आखाव्यात. मला हे मान्य नाही. नगरसेवक पाणी, गटार, दवाखाना, शाळा यांची व्यवस्था पाहतो; त्यांची गरज यादीत नाव असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच आहे. मतदारसंख्येवर सीमा आखल्या तर यादीबाहेर ठेवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बाहेर ठेवल्यासारखे होईल. पाया लोकसंख्येचाच हवा, आणि उपाय यादीत नाव घालण्याचा हवा.

आकाराचे अंकगणित

समजा, लोकसंख्येची समानता तंतोतंत साधली. तरीही न्याय साधेलच असे नाही. याचे अंकगणित प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा कागदावर मांडून पाहावे.

एक कल्पित शहर घ्या. त्यात सारख्या मतदारांच्या ५० वस्त्या आहेत. त्यांतील २० श्रमिकांच्या आणि ३० इतरांच्या. प्रत्येकी दहा वस्त्यांचे पाच प्रभाग करावयाचे आहेत. श्रमिक ४० टक्के आहेत. न्यायाने त्यांना पाचापैकी दोन जागा मिळाव्यात. आता नकाशा हाती घ्या. प्रत्येक प्रभागात चार श्रमिक वस्त्या विभागून टाकल्या, तर श्रमिक पाचही ठिकाणी सहाविरुद्ध चार असे हरतात, जागा शून्य. दहा श्रमिक वस्त्या एकाच प्रभागात कोंबल्या आणि उरलेल्या दहा इतर चार प्रभागांत विखुरल्या, तर जागा एक. वीस वस्त्या दोन प्रभागांत बसविल्या, तर जागा दोन. आणि तीन प्रभागांत सहा-सहा ठेवून उरलेल्या दोन वस्त्या इतर दोन प्रभागांत एकेक टाकल्या, तर चाळीस टक्के श्रमिकांना पाचापैकी तीन जागा, म्हणजे बहुमत! माणसे तीच, मते तीच, प्रत्येक प्रभागाची लोकसंख्याही तीच. निकाल मात्र चार तऱ्हेचे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकीर्दीत १८१२ साली सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा एक मतदारसंघ आखला गेला, आणि तेव्हापासून या लबाडीला त्यांचे नाव चिकटले. परंतु वरील उदाहरणात वेडावाकडा आकार काढण्याचीही गरज पडत नाही, हे ध्यानात घ्यावे. नीटस, चौकोनी, रस्त्यांना धरून काढलेली रेषासुद्धा चाळीस टक्क्यांना शून्यावर आणू शकते. किंबहुना अशी रेषा अधिक फसवी, कारण तिच्याकडे बोट दाखविता येत नाही.

येथे एक खरीखुरी कोंडी आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. दलित वस्ती शक्यतो फोडू नये, असे प्रभागरचनेचे तत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सगळी वस्ती एकाच प्रभागात राहिली की तेथे तिचा प्रतिनिधी निश्चित होतो व शेजारच्या तिन्ही प्रभागांतील उमेदवारांना तिच्या दाराशी येण्याचे कारण उरत नाही. वस्ती विभागली तर तिचे मत चार ठिकाणी विचारात घ्यावे लागते, पण प्रतिनिधी कोठेच हाती लागत नाही. एकत्र राहून एक निश्चित आवाज मिळवावा की विखुरून चार ठिकाणी वजन पाडावे, याचे उत्तर प्रत्येक शहरी, प्रत्येक काळी एकच असू शकत नाही. तटस्थ रेषा म्हणून काही अस्तित्वातच नसते; प्रत्येक रेषा कोणाला तरी जोडते आणि कोणाला तरी तोडते.

आखणारा हात

रेषा तटस्थ नसेल तर ती आखणारा हात तरी तटस्थ असावा, ही किमान अपेक्षा आहे. लोकसभा-विधानसभांसाठी आपल्याकडे परिसीमन आयोग असतो. २००२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार-आमदार त्यात सहयोगी सभासद होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, ही तरतूद कठोर असली तरी निवडणुका अडू नयेत म्हणून ती केली आहे. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. परंतु जो निवडणूक लढविणार तोच सीमा आखणार, हा उघड अन्याय तीत नाही.

नगरांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने उलट वाट धरली. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली राज्य निवडणूक आयोग आला आणि प्रभागरचनेचे काम त्याच्याकडे राहिले. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून हे अधिकार राज्य शासनाने स्वतःकडे घेतले, आणि विशेष म्हणजे सत्ताधारी व विरोधक या दोघांनीही तेव्हा त्यास मान डोलावली. आता आराखडा आयुक्त तयार करतो आणि तो नगरविकास खात्याच्या हातून आयोगाकडे मान्यतेस जातो. जेथे निर्वाचित सभागृहच नव्हते तेथे आयुक्त हाच प्रशासकही होता, आणि त्याची नेमणूक, बदली, बढती शासनाच्या हाती. तो व्यक्तिशः सचोटीचा असेल. परंतु लोकशाहीच्या रचना व्यक्तीच्या सचोटीवर सोडावयाच्या नसतात.

प्रभागात सदस्य किती असावेत, याचा खेळखंडोबा तर सर्वश्रुत आहे. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ मध्ये एकाचा झाला. २०१२ मध्ये दोघांचा. २०१७ मध्ये चौघांचा. २०१९ अखेर नव्या सरकारने एक सदस्याचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याच सरकारने तो तीनवर नेला, आणि २०२२ मध्ये सत्ता पालटताच तो पुन्हा चारवर आला. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ आणि २३६ वरून पुन्हा २२७ झाल्या. या प्रत्येक बदलाला लोककल्याणाचे कारण देण्यात आले. पंचवीस वर्षांत इतक्या वेळा लोककल्याणाची व्याख्या बदलते, आणि प्रत्येक वेळी ती सत्तेवर असलेल्या पक्षाच्या सोयीशी जुळते, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

चार सदस्यांच्या प्रभागाचा श्रमिक उमेदवाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा: ४,४०० माणसांचा वॉर्ड एक कार्यकर्ता महिनाभरात पायी पालथा घालू शकतो, तेथे त्याची वीस वर्षांची ओळख, संपातील साथ, रेशनच्या रांगेतील भांडण कामी येते. सतरा-अठरा हजारांच्या प्रभागात पायांपेक्षा वाहने लागतात, ओळखीपेक्षा फलक लागतात, आणि चार उमेदवारांचा संच उभा करण्याइतका पैसा लागतो. शिवाय अ, ब, क, ड या चारही जागांची लढत स्वतंत्र मोजली जाते; त्यामुळे ज्याच्यामागे ५१ टक्के मते आहेत त्याला चारही जागा मिळू शकतात आणि ४९ टक्क्यांना एकही नाही. के. एल. मलाबादे यांच्यासारखा लाल बावट्याचा कार्यकर्ता विधानसभेत पाठविणाऱ्या या शहरात डाव्या कामगार चळवळीला पालिकेत पाय ठेवण्यास जागा दुर्मिळ व्हावी, याची इतर कारणे अनेक आहेत. परंतु ही रचना त्यांतील एक आहे.

जिल्हा आणि देश

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहू. २००८ च्या पुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा बारावरून दहा झाल्या. पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज, वडगाव ही मतदारसंघांची नावे पुसली गेली. लोकसभेचा ‘इचलकरंजी’ मतदारसंघही गेला आणि ‘हातकणंगले’ आला. यात कोणी कोल्हापूरवर सूड उगविला नव्हता. २००१ साली राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर होती. २८८ जागांनी भागता एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येत. कोल्हापूरच्या ३५ लाख २३ हजार लोकसंख्येला त्या हिशेबाने साडेदहाच्या आसपास जागा येतात. त्याच हिशेबाने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७ वरून १० झाल्या. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावाची ही शेवटची वजाबाकी म्हणता येईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाट्यालाही कपातच आली.

गणित निर्दोष आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी एवढ्यावर थांबू शकत नाही. कारखाने, बंदरे, रस्ते, वीज यांची गुंतवणूक एका पट्ट्यात एकवटली. म्हणून कोकणातला, घाटावरचा तरुण तिकडे गेला. तो गेला म्हणून इकडच्या जागा घटल्या. जागा घटल्या म्हणून पुढच्या गुंतवणुकीवर हक्क सांगणारा आवाज क्षीण झाला. असमतोल विकास आणि असमतोल प्रतिनिधित्व यांचे हे चक्र आहे. त्यावर उपाय म्हणून माणसांऐवजी एकरांना मत द्यावे, असे मी म्हणणार नाही. ओल्ड सेरमच्या टेकडीकडे परतण्याचा तो मार्ग आहे. उपाय विकासाच्या विकेंद्रीकरणाचा आहे. सीमारेषेच्या चुकांना सीमारेषेत औषध असते. अर्थव्यवस्थेच्या चुका तिच्या माथी मारून भागत नाही.

हातकणंगले लोकसभा मतदारसंघच पाहा. शाहूवाडी-शिराळ्याचा सह्याद्रीलगतचा डोंगराळ मुलूख, इस्लामपूरचा ऊसपट्टा, कृष्णा-पंचगंगेच्या पुरात वेढला जाणारा शिरोळ, आणि घागरभर पाण्यासाठी दिवस मोजणारी इचलकरंजी, हे सारे एका खासदारात सामावले आहे. दूधगंगेचे पाणी सुळकूडहून इचलकरंजीला आणण्याच्या योजनेवरून नदीकाठचा शेतकरी आणि शहरातील कामगार समोरासमोर उभे राहिले. त्यांतील कागल तालुका कोल्हापूर मतदारसंघात, शिरोळ आणि इचलकरंजी हातकणंगल्यात. समान हितसंबंधांची माणसे एका मतदारसंघात असावीत हे तत्त्व मानले, तर शहर व नदीकाठ वेगळे करावे लागतील. मग प्रत्येकाचा प्रतिनिधी आपापल्या बाजूने गर्जना करील आणि पाणी कोणालाच मिळणार नाही. दोघांना एकत्र ठेवले, तर एका प्रतिनिधीला दोघांपुढे उभे राहून तडजोड शोधावी लागेल, निदान लागायला हवी. हितसंबंधांची एकजिनसी टोपली करणे म्हणजेच न्याय्य सीमा, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

देशपातळीवर हा प्रश्न पन्नास वर्षे शीतपेटीत ठेवला गेला. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेतील जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठविल्या. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. १९७१ च्या लोकसंख्येच्या हिशेबाने महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेदहा लाख माणसे येत होती; २०११ मध्ये, जागा ४८ च असल्याने, ती २३ लाखांवर गेली. ज्या दक्षिणी राज्यांनी आरोग्य व स्त्रीशिक्षण यांवर खर्च करून लोकसंख्यावाढ रोखली, त्यांच्या जागा घटण्याची भीती त्यांना वाटते, आणि मार्च २०२५ मध्ये चेन्नईला त्यासाठी परिषदही भरली. त्यांची भीती खोटी नाही. पण बिहारच्या शेतमजुराचे मत अर्धेच मोजावे, हाही न्याय नव्हे. आणि त्या बिहारचाच एखादा मजूर इचलकरंजीत माग चालवीत असेल, तर त्याचे मत येथेही नाही आणि तेथे जाऊन देता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी विसरले जाते.

मुंबई इलाख्यातील एक पूर्वोदाहरण

तर मग उपाय काय? रेषा अधिक कुशलतेने आखणे हा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा असा की, निकाल रेषेवर इतका अवलंबून राहूच नये, अशी मतमोजणीची पद्धत स्वीकारणे. त्यासाठी युरोपकडे पाहण्याची गरज नाही. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली मुंबई इलाख्यात ज्या निवडणुका झाल्या, त्यांत बहुसदस्य मतदारसंघ होते आणि ‘एकत्रित मतदान’ पद्धत होती: जितक्या जागा तितकी मते, आणि मतदाराने ती वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावीत किंवा सगळी एकालाच द्यावीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. त्यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत दहाहून अधिक जागा जिंकल्या. अल्पसाधन श्रमिकांच्या एका नव्या पक्षाला पहिल्याच खेपेस असे यश मिळण्यात या पद्धतीचा वाटा होता.

तिचे गणित सरळ आहे. चार जागांच्या प्रभागात शंभर मतदार, म्हणजे चारशे मते. एकवीस श्रमिकांनी आपली चारही मते एका उमेदवाराला दिली, तर त्याला ८४ मते पडतात. उरलेल्या ७९ जणांपाशी ३१६ मते आहेत. चार उमेदवारांना प्रत्येकी ८४ हून अधिक मते देण्यास ती पुरत नाहीत. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून किंचित मोठा गट आपला एक प्रतिनिधी हमखास निवडून आणतो, मग त्याच्या वस्त्या प्रभागात कोठेही विखुरलेल्या असोत. एक्केचाळीस जण असतील तर दोन. बावन्न टक्क्यांना चारही जागा देणारी आजची व्यवस्था आणि ही व्यवस्था यांत बदलावयाचे ते फक्त मत देण्याचे व मोजण्याचे नियम. प्रभाग तोच, सदस्य तेवढेच. सरकारला चार सदस्यांचा प्रभाग इतका प्रिय असेल, तर त्याने तो अशा न्याय्य रूपात ठेवावा, अशी मागणी आपण का करू नये?

आक्षेप येतील. पहिला आरक्षणाचा. महिला, अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्ग यांच्या जागांचे काय? १९३७ मध्येही राखीव जागा होत्या. राखीव प्रवर्गातील सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार आधी निवडावयाचा आणि मग उरलेल्या जागा मतांच्या क्रमाने भरावयाच्या, हा मार्ग तेव्हाच मळलेला आहे. राखीव जागा जितक्या अधिक तितके वरील गणित काहीसे सैल होईल, हे खरे. पण आजच्याइतके एकतर्फी ते होणार नाही. दुसरा आक्षेप: यामुळे जातीय गट आपली मते एकवटतील. एकवटतील; ती आजही एकवटतात. फरक इतकाच की, आज एकवटलेल्या बहुसंख्येला सर्वस्व मिळते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. साक्षरता अल्प आहे आणि सरकारला स्थैर्य हवे, ही त्यांची कारणे होती. दोन्ही कारणे त्या काळी व संसदेपुरती वजनदार होती. परंतु महानगरपालिकेत मंत्रिमंडळ पडत नसते, आणि चार बटणे दाबण्यास आजच्या मतदाराला शिकवावे लागत नाही. तो ती दाबतोच आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि तिने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविली. पुढच्या प्रभागरचनेचा आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा पाया त्या गणतीत घातला जाईल. मागाच्या खोलीत झोपणारा, भाड्याच्या पत्र्याखाली राहणारा कामगार तीत मोजला गेला की नाही, हे युनियनच्या शाखेने पाहिले पाहिजे. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी कोणी सीमा आखीत नाही.

दुसरे काम मतदारयादीचे. विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडली जाते, तेव्हा कोणती चाळ कोणत्या प्रभागात गेली, हे त्या चाळीत राहणाराच अचूक सांगू शकतो. यादीचे वाचन हे मतदानाच्या आदल्या रात्रीचे काम नव्हे.

तिसरे काम हरकतींचे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचनांसाठी ठराविक दिवस मिळतात, आणि बहुतेक हरकती ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर संपतात. अशा हरकतीला उत्तर देणे अधिकाऱ्याला सोपे जाते. प्रगणक गटांचे आकडे घेऊन, अमुक गट अमुक प्रभागात घातल्यास दोन्हींची लोकसंख्या मर्यादेत राहते आणि वस्तीही फुटत नाही, असा पर्यायी नकाशा जोडलेली हरकत फेटाळताना मात्र कारण द्यावे लागते. अशा कारणांची लेखी नोंद प्रसिद्ध व्हावी, प्रत्येक गटाचा आकडा व सीमेचे कारण जनतेपुढे यावे, आणि प्रभागरचनेचा अधिकार शासनाकडून काढून पुन्हा स्वतंत्र आयोगाकडे द्यावा, या तीन मागण्या आपल्या पक्षाने राज्यभर लावून धराव्यात. चौथी मागणी, एकत्रित मतदानाची. ती दूरची वाटेल, पण या भूमीत ती एकदा अमलात आलेली आहे.

पूर्णतः न्याय्य सीमा कोणालाही आखता येणार नाही. यापुढेही येणार नाही. म्हणून अन्याय मुकाट्याने सोसावा असे नव्हे. किंमत पूर्णतः न्याय्य नसते म्हणून आपण मजुरीदराची मागणी सोडून देत नाही. ती दर खेपेस नव्याने, आकड्यांनिशी मांडतो आणि बंद दाराआड ठरू देत नाही. मजुरीच्या दरापायी या शहरातील कामगार अनेकदा रस्त्यावर उतरला आहे. प्रभागाच्या रेषेचा हिशेबही त्याच बाण्याने मागण्याची वेळ आली आहे.